भिंतीतले एकोणीस कागद

फार पूर्वी, अमेरिका नावाचा देश अजून धड देशही झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. समुद्राजवळच्या एका खडकाळ टेकडीवर एक गाव होतं. एके काळी तिथे साठ घरं होती, एक प्रार्थनाघर होतं आणि गावामागे ओकच्या झाडांचं दाट रान होतं. पुढे खाली समुद्रकाठी बंदर वाढलं, गलबतं यायला लागली आणि टेकडीवरची माणसं एकेक करून खाली उतरली. जाताना त्यांनी दारं, खिडक्या, तुळयासुद्धा उपटून नेल्या. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथले वासे तर चक्क बैलगाडीत बसून गेले.

मागे मानाचं असं एकच घर राहिलं, गावच्या पंचाचं. बाकी सहा घरांत राहायची ती सगळी अशी माणसं, ज्यांना खाली बंदरात कोणी दारात उभं करत नसे. एक होता लाकडी पायाचा खलाशी आणि त्याचे चार कुत्रे. एक होता सारंगी वाजवणारा. रविवारी प्रार्थनेच्या वेळी त्यानं सारंगी वाजवली म्हणून त्याला समाजातून काढलं होतं. दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. एकीला ऐकू येत नसे आणि दुसरी दोघींच्या वाटचं बोलत असे. क्वाको नावाचा दगडी बांध घालणारा एक काळा गडी होता. अर्धं आयुष्य गुलामीत काढून तो मोकळा झाला होता. एक टोपल्या विणणारी बाई होती, त्या मुलखाच्या मूळ रहिवाशांपैकी. आणि सहावी केझीबाई.

केझीबाई सुईण होती. बंदरातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी मूल दगावलं, तेव्हा व्यापाऱ्याला कोणावर तरी खापर फोडायचं होतं आणि सगळ्यात जवळ केझीबाई उभी होती. ती चेटूक करते असं त्यानं ठरवलं आणि बाकीच्यांनी ते ऐकलं. ती गाठोडं घेऊन टेकडी चढली आणि विहिरीजवळच्या एका रिकाम्या, फळ्यांच्या घरात तिनं चूल पेटवली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती.

आता त्या मुलखातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. बाहेरून आलेला माणूस वर्षभर गावात राहिला आणि त्याला कोणी हटकलं नाही, तर तो गावचाच धरला जाई. मग तो आजारी पडला, म्हातारा झाला, तर त्याला सांभाळणं गावाला भाग पडे. ते टाळायचं म्हणून पंचानं दरवर्षी परक्याच्या दारात जायचं आणि गाव सोडण्याचा कागद मोठ्यानं वाचायचा. वाचला की गावाची जबाबदारी सुटली. माणूस खरोखर गेला की नाही, हे कोणी बघत नसे.

हा पंच रीतीला फार पक्का होता. गाव ओस पडलं, प्रार्थनाघराच्या छपरातून पाऊस आत यायला लागला, पण पंचाचा कागद कधी चुकला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसली गत. दर शरदात, भोपळे घरात आले की तो कोट घालून, टोपी काढून केझीबाईच्या उंबऱ्याबाहेर उभा राही. आत पाऊल टाकायचं नाही, कारण आत गेलं की पाहुणा झाला.

"केझी, धंदा सुईणीचा, विहिरीजवळच्या फळ्यांच्या घरात राहणारी," तो खणखणीत आवाजात वाचे, "ही या गावची नव्हे. तिनं चौदा दिवसांत गाव सोडून जावं. तिचा कसलाही भार गावावर नाही." खाली तारीख आणि त्याची सही.

"झालं वाचून?" केझीबाई विचारी.

"झालं."

"मग हा सफरचंदाचा रस घ्या. गरम आहे. आणि गुडघा कसा आहे?"

"सकाळी धरतो जरा," असं म्हणत पंच उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्या रस पिई, गुडघ्याच्या तेलाची बाटली खिशात टाकी आणि पुढच्या घरी कागद वाचायला जाई.

चौदा दिवस जात, पंधरावा उजाडे, आणि केझीबाई विहिरीवर पाणी भरताना दिसे. पंचही मान हलवून पुढे जाई. असं एकोणीस वर्षं चाललं.

कागदाचं ती काय करी म्हणाल, तर तिच्या घराच्या भिंतीला फटी फार होत्या. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की फळ्यांमधून सुरीसारखा आत येई. केझीबाई कागदाची घट्ट घडी घाली आणि एकेका फटीत ठोकून बसवी. एकोणीस वर्षांत एकोणीस फटी बुजल्या. गावानं मला काही दिलं असेल तर एवढंच, असं ती हसून म्हणायची. पण हसताना तिला ते लागत असे. दरवर्षी लागत असे. माणसाला कोणी रोज शिवी दिली तर सवय होते. वर्षातून एकदा सभ्यपणे टोपी काढून 'तू आमची नव्हेस' म्हटलं, तर त्याची सवय होत नाही.

विसाव्या वर्षी भोपळे काढायच्या आधीच वेगळंच संकट आलं. बंदराला मोठी गलबतं बांधायची होती आणि त्यासाठी ओक हवा होता. ओक होता टेकडीच्या रानात आणि रान होतं टेकडीच्या गावाचं. बंदराचा मुखिया हुशार. त्यानं कायदा शोधून काढला. ज्या गावात दहा वर्षं सलग पेटलेल्या सात चुली नाहीत, ते गाव मोडायचं, त्याचं रान आणि पाणी शेजारच्या गावाला द्यायचं आणि घरं पाडून टाकायची. गव्हर्नरानं चुली मोजायला एक अंमलदार पाठवायचं ठरवलं.

अंमलदार यायच्या आदल्या दिवशी मुखिया स्वतः टेकडी चढून केझीबाईकडे आला. चेटकीण म्हणून हाकललेल्या बाईसमोर तो अगदी साखर पेरत होता.

"झालं गेलं विसरून जा, बाई. खाली तुम्हाला दगडी चुलवण असलेली खोली देतो. वारा लागायचा नाही. आमच्या सुना तुमच्याच हातानं बाळंत होतील."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. उद्या अंमलदारानं विचारलं की एवढंच म्हणायचं, मी इथली नव्हे, वाटेवरची आहे. खोटंही नाही त्यात. तुमचा पंचच दरवर्षी सांगतो ना तुम्हाला?"

केझीबाईला ते खोटं म्हणता येईना. तिला खोली हवी होती. हिवाळ्यात तिची बोटं आखडत आणि सुईणीची बोटं आखडली की राहिलं काय? आणि खरं सांगायचं तर तिला आणखी एक गोष्ट हवी होती. पंचाचं तोंड उतरलेलं तिला एकदा बघायचं होतं. "उद्या बघू," ती म्हणाली.

मुखिया गेल्यावर ती घागर घेऊन विहिरीवर आली. क्वाको विहिरीच्या कठड्याचा एक निखळलेला दगड परत बसवत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. तिला वाटलं, तो रागावेल किंवा गळ घालेल. त्यानं दगडाची एक बाजू छिन्नीनं थोडी उडवली आणि फुंकर मारून धूळ काढली.

"जायचं तर जा," तो म्हणाला. "तुझी बोटं मी बघतो ना थंडीत."

"मी गेले तर सात चुली होणार नाहीत. गाव मोडेल."

"मोडेल."

"मग हा दगड कशाला बसवतोयस? उद्या विहीरच जाईल बंदराकडे."

"पाणी आज भरायचंय ना?" क्वाको म्हणाला आणि दगड बसवून त्यावर हाताचा भार देऊन बघितला. दगड हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंमलदार आला. माणूस चोख होता. टेकडी चढताना त्यानं खालूनच धुराडी मोजली. सात धूर! वर आला तेव्हा सगळे विहिरीपाशी जमले होते. मुखियाही होता. पंच कोट घालून, गावकऱ्यांच्या नावांची वही छातीशी धरून उभा होता. त्याला कसली म्हणून काळजी नव्हती.

अंमलदारानं वही उघडली. पान उलटलं, आणखी एक उलटलं. "इथे एकच घर आहे," तो म्हणाला. "तुमचं."

"अर्थात," पंच अभिमानानं म्हणाला. "परक्याचं नाव मी वहीत येऊ देत नाही. वही विटाळते. मी एकही वर्ष चुकलो नाही, या सहाही घरांना दरवर्षी गाव सोडायला सांगितलंय."

"म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे या सहा घरांतली माणसं या गावची नव्हेत?"

"नव्हेतच."

"मग पंच, या गावात चूल एकच. गाव मोडलं."

पंच हसला. मग त्याला कळलं आणि त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. एवढी वर्षं त्यानं गाव नीट झाडून ठेवलं होतं, आणि झाडता झाडता गावच बाहेर टाकलं होतं. "पण धूर सात आहेत!" तो म्हणाला. "तुम्ही स्वतः मोजलेत!"

"धूर वाटसरूच्या चुलीचाही निघतो."

"मी लिहितो ना आत्ता सगळ्यांची नावं!"

"आज घाईनं लिहिलेल्या नावांना गव्हर्नर हसेल. ही माणसं दहा वर्षं इथे राहिली, याचा जुना, तारखेचा कागद हवा."

मुखिया पुढे झाला. "बाईंनाच विचारा की," तो गोड आवाजात म्हणाला.

अंमलदार वळला. "बाई, तुम्ही इथल्या का?"

केझीबाईनं पंचाकडे बघितलं. त्याचं तोंड उतरलं होतं, तिला हवं होतं तितकं. त्याहून जास्तच. टोपी हातात घेऊन तो जमिनीकडे बघत होता, आणि तिच्या उंबऱ्याबाहेर तो दरवर्षी उभा राही तसाच दिसत होता, फक्त या वेळी कागद त्याच्याजवळ नव्हता. आता तिला एक वाक्य बोलायचं होतं. तेही तिचं नव्हे, त्याचंच. एकोणीस वर्षं ऐकलेलं नुसतं परत करायचं होतं.

तिची नजर कठड्यावर गेली. काल बसवलेला दगड इतरांपेक्षा उजळ दिसत होता. त्यावर म्हाताऱ्या बहिणींपैकी एक घागर टेकवून उभी होती आणि खलाशाचे कुत्रे सांडलेलं पाणी चाटत होते. हे गाव पंचाचं कधी होतं? ती मनात म्हणाली. पंचाला तसं वाटत होतं, एवढंच. आणि आपल्यालाही तसंच वाटलं, हे आपलं चुकलं.

"मी कुठली, ते मी नाही सांगत," ती म्हणाली. "पंचांनी मला एकोणीस वेळा लिहून दिलंय. चला माझ्या घरी."

सगळे तिच्या मागे गेले. पंच नेहमीसारखा उंबऱ्याबाहेरच थांबला. घरात जाऊन तिनं चुलीजवळचा चिमटा घेतला आणि भिंतीतली पहिली घडी ओढून काढली. उत्तरेचा वारा सूं करत आत आला. तिनं दुसरी काढली, तिसरी काढली. घडी निघाली की फट उघडी पडे आणि थंडी आत घुसे. चुलीतली राख उडायला लागली, पण तिचा हात थांबला नाही. एकोणीस कागद तिनं बाहेर आणून दारापुढच्या बाकावर ठेवले.

अंमलदारानं एक उलगडला. "'केझी, धंदा सुईणीचा, विहिरीजवळच्या फळ्यांच्या घरात राहणारी...'" त्यानं दुसरा घेतला. "'...फळ्यांच्या घरात राहणारी.'" तिसरा. "'...राहणारी.'" त्यानं पंचाकडे बघितलं. "ही सही तुमची?"

"माझी," पंच पुटपुटला.

"आणि तारीख?"

"तीही मीच घातली."

अंमलदार पहिल्यांदा हसला. "म्हणजे पंच, ही बाई इथे राहत नाही असं सांगण्यासाठी ती इथेच राहते असं तुम्ही एकोणीस वर्षं सहीनिशी लिहून देत होता. याहून पक्का पुरावा मी जन्मात पाहिला नाही."

मग काय विचारता! सगळे आपापल्या घरी धावले. खलाशानं लाकडी पायाच्या खोबणीतून कागदांची गादी काढली. सारंगीवाल्याच्या कागदांच्या मागे गाण्यांच्या ओळी लिहिलेल्या होत्या. बहिणींचे कागद जाम-मुरंब्याच्या बरण्यांवर बांधलेले होते. बोलणारी बहीण ते सोडता सोडता प्रत्येक बरणीत काय आहे तेही सांगत होती.

क्वाकोनं एक पत्र्याची पेटी आणली. तिच्यात सतरा कागद होते, एकही सुरकुती नसलेले, फडक्यात गुंडाळलेले. पंच आश्चर्यानं म्हणाला, "तुला तर वाचता येत नाही. आणि गावातून जा म्हणणारे कागद कोणी असे जपून ठेवतं?"

"माझं नाव कसं दिसतं तेवढं येतं," क्वाको म्हणाला. "याआधी ज्या ज्या कागदावर माझं नाव होतं, त्यावर माझ्या आधी मालकाचं नाव असे. तुमच्या कागदावर मी एकटा होतो."

पंचानं ते कागद स्वतः उचलून अंमलदारासमोर ठेवले.

अंमलदार मोजत होता. "पंचाचं घर धरून सहा झाली. सातवी?"

टोपलीवाली दाराशी उभी होती. तिचे हात रिकामे होते. "माझ्याकडे कागद नाहीत," ती शांतपणे म्हणाली. "ज्यावर मला निघून जा लिहिलंय, ते मी कशाला ठेवू? दरवर्षी त्यानंच चूल पेटवली."

मुखियाचा चेहरा फुलला. केझीबाईनं दारातून आतल्या भिंतीकडे बघितलं. भिंतीच्या एकोणीस फटी उघड्या पडल्या होत्या आणि तरी गाव जाणार होतं.

अंमलदार विचारात पडला. "पाच घरांचा पुरावा चोख आहे. एकासाठी पंचानं शपथेवर वहीत लिहिलं, तर मी ते धरीन. पण खरं लिहा. ही बाई इथे कधीपासून राहते?"

आता सगळे पंचाकडे बघत होते. पंचानं वही बाकावर ठेवली, लेखणी शाईत बुडवली आणि तशीच धरून उभा राहिला. कधीपासून, हे त्याला ठाऊक होतं. टेकडीवरच्या प्रत्येक पोराला ठाऊक असायचं. ठाऊक असूनही त्यानं तिच्या दारात दरवर्षी कागद वाचला होता. त्याचा चेहरा लाजेनं लाल झाला, आणि एवढ्या माणसांसमोर त्यानं ते लपवलं नाही.

"माझा आजोबा पहिल्यांदा या टेकडीवर आला," तो म्हणाला, "तेव्हा हिच्या आजीची चूल इथे पेटलेली होती. तो तहानेनं मरायला टेकला होता. पाणी कुठे लागेल ते तिनं दाखवलं. तीच ही विहीर."

मग तो लिहू लागला. वहीच्या पहिल्या पानावर, स्वतःच्या आजोबाच्या नावाच्या वर थोडी कोरी जागा होती. तिथे त्यानं बाईचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'ही इथली. आमच्या आधीपासूनची.' खाली तारीख घातली आणि सही केली.

टोपलीवालीनं वहीत डोकावून बघितलं. "उशीर केलात," ती म्हणाली, "पण अक्षर चांगलं आहे."

अंमलदारानं वहीवर शिक्का मारला. सात चुली, गाव कायम, रान गावाचं. मुखिया टेकडी उतरून गेला तो मागे वळून न बघता. केझीबाईला दगडी खोली काही मिळाली नाही. घरात वारा मात्र भरपूर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात पावलं वाजली. बघते तर पंच. अंगात कोट नव्हता. बाह्या वर सारलेल्या आणि हातात एक बादली, गवत घालून मळलेल्या मातीची. तो उंबऱ्यापाशी आला आणि त्याचे पाय आपोआप थांबले. विसाव्या वर्षीही तो बाहेरच उभा.

"फटी लिंपायला आलोय," तो म्हणाला. "माझ्याच कागदांच्या आहेत."

केझीबाईनं चुलीवरचा रस ढवळला, दोन पेले घेतले आणि एक मुद्दाम आतल्या टेबलावर ठेवला, दारातून हात पोचणार नाही असा.

"पंच," ती म्हणाली, "वारा आत येऊन बसलाय, तुम्ही बाहेर कशाला उभे?"

पंचानं उंबरा ओलांडला. दुपारपर्यंत त्यानं एकोणीसच्या एकोणीस फटी लिंपल्या, आणि मग बसून रस प्यायला.

तात्पर्य: गाव वहीतल्या नावांवर नव्हे, पेटत्या चुलींवर उभं असतं. ज्याला 'तू आमचा नव्हेस' हे सांगायला दरवर्षी त्याच्याच दारी जावं लागतं, तो केव्हाच आपला झालेला असतो. उंबरा ओलांडायचा तेवढा आपणच राहिलेलो असतो.